सोनूस पत्र, ट्रकच्या परमिटच्या परीक्षेआधी

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेलं न्यू जर्सी राज्याचं ट्रक ड्रायव्हिंगचं पुस्तक, ज्यावरून तुझ्या परमिटची म्हणजे शिकाऊ लायसनची परीक्षा निघते, ते स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. चांगलंच जाड झालं, म्हणून स्पायरल मारून घेतलं. इंग्रजीला अडतो तिथे शेजारच्या पोराला हाक मारतो, पण गाडीच्या गोष्टीत फारसा अडत नाही. तुझ्या आईचं म्हणशील, तर गोडाऊनमधली सावलीतली नोकरी सोडून पोरगी ट्रक चालवणार, हे तिच्या गळी उतरायला वेळ लागला. आता ती त्यावर बोलत नाही. तूही तो विषय काढू नकोस.

फोनवर म्हणालीस की सरावाच्या ॲपवर नव्वद टक्के पडतात. पास व्हायला ऐंशी लागतात, म्हणजे जनरल नॉलेजच्या (गाडी चालवण्याच्या सर्वसाधारण माहितीच्या) 50 पैकी 40, एअर ब्रेकच्या म्हणजे हवेच्या ब्रेकच्या 25 पैकी 20, आणि कॉम्बिनेशनच्या म्हणजे ट्रेलर जोडलेल्या गाडीच्या 20 पैकी 16. तू पास होशील, त्याची मला काळजी नाही. पण ॲपवर तेच तेच प्रश्न फिरून येतात, आणि थोड्या दिवसांनी प्रश्न पुरता वाचायच्या आधीच बोट उत्तरावर जातं. कारण विचारलं तर सांगता येतं का, ते बघ. मला सगळं पुस्तक वाचताना हेच वाटत राहिलं की यातला एकेक आकडा कुणीतरी रस्त्यावर काहीतरी भोगल्यावर आलेला आहे, आणि तो कुठून आला ते कळलं की पाठ करावाच लागत नाही.

घाट उतरण्याचं घे. मी क्लीनर होतो तेव्हा उस्तादांनी सांगितलेला पहिला नियम होता, ज्या गेअरने चढलास त्याच गेअरने उतर. खंबाटकी असो नाहीतर कुंभार्ली, यात बदल नाही. तुझ्या पुस्तकात हा नियम आहे, पण जुन्या ट्रकांचा म्हणून दिलाय! पुढे लिहिलंय की नव्या गाड्यांची इंजिनं ताकदवान, आतलं घर्षण कमी, बॉडी वारा कापणारी. त्यामुळे चढ त्या वरच्या गेअरमध्ये सहज चढतात, आणि उतारावर त्यांना धरून ठेवणारं काही राहत नाही. म्हणून उतरताना चढीपेक्षाही खालचा गेअर लागू शकतो. इतकी वर्षं घाट उतरवूनही मी याचा असा विचार केला नव्हता. उस्ताद असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं, आणि त्यांनी ते मान्य केलं नसतं.

गेअर उतार लागण्याआधी टाकायचा. वेग वाढल्यावर खालचा पडत नाही आणि सोडलेला वरचाही परत सापडेल याची खात्री नाही. मग इंजिनाचा रोध गेला आणि सगळा भार लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांवर. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तू पाहिलायस. चार पैशांचं डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आहेत, आणि त्याचं पुढे काय होतं ते पेपरात येतं. तुला असं कुणी शिकवलेलं नाही, तरी लहानपणी माझ्याबरोबर बसून आपल्या लोकांच्या ज्या सवयी बघितल्यास त्यातली ही एक, म्हणून लिहिलं.

ब्रेकचंही तसंच. उतारावर सुरक्षित वेग तासाला 40 मैल धरला, तर 40 झाल्यावर ब्रेक नीट दाबून साधारण तीन सेकंदांत 35 वर आणायचा आणि सोडून द्यायचा. परत 40 झाला की परत. ॲप फक्त ‘5 मैल’ एवढं विचारतं. कारण असं की ब्रेक सतत धरून ठेवला तर ड्रम तापतो, फुगतो, लायनरपासून लांब जातो, आणि पाय कितीही दाबला तरी पकड येत नाही. न्यू जर्सीतून आय-80 ने पश्चिमेला निघालीस की पेनसिल्व्हेनियाचे डोंगर लागतात, म्हणजे हे लवकरच उपयोगी पडणार.

आता तुझ्या परीक्षेतला एक प्रश्न. रिकामा ट्रक लवकर थांबतो की भरलेला? इथे आपल्या मंडळींना विचार, दहातले नऊ जण ‘रिकामा’ म्हणतील. पुस्तक म्हणतं, रिकाम्याला थांबायला जास्त अंतर लागू शकतं. बरोबर आहे. पाटे (गाडीच्या स्प्रिंगा) आणि ब्रेक भरल्या वजनाच्या हिशेबाने बसवलेले. वजन नसलं की चाक उड्या मारतं, चटकन लॉक होतं, आणि रबर रस्ता धरत नाही. तसंच पुलाखालच्या उंचीचं. भरून गेलेली गाडी जिथून सुटली तिथून रिकामी परतताना अडकू शकते, कारण पाटे वर आलेले असतात. हे मात्र मला पुस्तकाने शिकवावं लागलं नाही.

काही ठिकाणी आपली रीत आणि तिथलं उत्तर अगदी उलटं आहे. मागच्याला पुढे जायला हात दाखवणं किंवा साइड दिवा देणं ही आपल्याकडे माणुसकी समजतात. तिथे ते करायचं नाही, तुझ्या इशाऱ्यावर भरवसा ठेवून तो समोरच्यावर आदळला तर जबाबदार कोण? हॉर्न गरज असेल तेव्हाच, दचकून कुणी भलतंच करेल म्हणून. आपण मागे रंगवून घेतो ते ‘हॉर्न ओके प्लीज’ तिथे चालायचं नाही. गाडी बंद पडली तर दगड आणि झाडाच्या फांद्या टाकायच्या नाहीत. दहा मिनिटांच्या आत तीन त्रिकोण. एकेरी किंवा दुभाजकाच्या रस्त्यावर तिन्ही मागे, 10, 100 आणि 200 फुटांवर. दोन्हीकडून वाहतूक असेल तर त्या तिनांतला एक पुढे, 100 फुटांवर. निघताना आपले लोक त्रिकोण उचलतील का ते माहीत नाही, दगड तर कुणी उचलत नाही. रात्री त्या दगडांवर किती मोटरसायकलवाले गेले असतील!

थांबण्याच्या अंतराचा तक्ता तुला रटाळ वाटला असं म्हणालीस. मला पुस्तकातलं तेच पान सगळ्यात आवडलं. 55 मैल म्हणजे आपले 88 किलोमीटर. समोरचा धोका डोळ्यांना दिसून डोक्यात शिरेपर्यंत पावणेदोन सेकंद, तेवढ्यात गाडी 142 फूट गेली. पाय ब्रेकवर पोचायला पाऊण सेकंद, आणखी 61 फूट. ब्रेक लागल्यापासून उभी राहीपर्यंत 216. झाले 419. त्यात एअर ब्रेकची हवा नळ्यांतून चाकापर्यंत जायला जो वेळ लागतो त्याचे साधारण 32 फूट धर, म्हणजे साडेचारशेच्या वर. म्हणजे ब्रेकला पाय लागायच्या आधीच दोनशे फूट संपलेले असतात, आणि ते दोनशे फूट कुठलंही लायनर कमी करत नाही. परवा टेप घेऊन विहिरीपासून बांधाबांधाने मोजत गेलो. 419 फूट वस्तीच्या रस्त्याच्या पलीकडे निघाले. माझ्याकडे बघून आपल्या गड्याला वाटलं, जमिनीची मोजणी आली. तू तुझ्या गोडाऊनच्या आवारात बघ. 53 फुटी ट्रेलर आठ, एकापुढे एक, एवढं ते अंतर आहे. मग पुढच्या गाडीपासून किती सेकंद राखायचे तो प्रश्न सोपा जातो. गाडीच्या दर दहा फुटांना एक सेकंद, आणि वेग 40 च्या वर असेल तर आणखी एक. साठ फुटी गाडीला सात.

हवेच्या धड्यात आकडे फार आहेत आणि तिथेच पोरं घसरतात. सुटे पाठ करू नकोस. सकाळी गाडीत बसून ज्या क्रमाने करशील त्या क्रमाने म्हण. इंजिन चालू केलं, दोन टाक्यांच्या सिस्टीममध्ये हवेच्या दाबाचा काटा 85 पीएसआयवरून 100 वर 45 सेकंदांत यायला हवा. साधारण 125 ला गव्हर्नर, म्हणजे दाबावर लक्ष ठेवणारा भाग, कॉम्प्रेसरची हवा तोडतो. इंजिन बंद, ब्रेक सोडलेला, एक मिनिट काट्याकडे बघ. एकट्या गाडीला 2 पेक्षा जास्त उतरता कामा नये, ट्रेलर जोडलेला असेल तर 3. मग ब्रेकवर पाय दाबून धर, तेव्हा एकट्या गाडीला 3 आणि ट्रेलरसकट 4. मग ब्रेकचं पेडल मारत मारत हवा काढत जा, धोक्याचा बजर आणि दिवा यायला हवा. तो 55 ला की 60 ला, यावर ॲपांत घोळ आहे. तुझ्या राज्याच्या पुस्तकात जो आकडा छापलाय तोच धर, परीक्षा त्यावरूनच निघते. आणखी काढलीस की 20 ते 45 च्या दरम्यान स्प्रिंग ब्रेक आपोआप बसतो. ‘हवा गेली, ब्रेक गेला’ असं लोक बोलतात, पण इथे हवा स्प्रिंगला दाबून धरत असते, आणि हवा गेली की स्प्रिंग सुटून चाक आवळते. एवढं डोळ्यांपुढे आलं की त्या धड्यातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. संध्याकाळी टाक्यांतलं पाणी सोडायचं, ते तू लहानपणी फुस्स आवाज ऐकायला माझ्याबरोबर यायचीस.

कॉम्बिनेशनमध्ये नळ्यांचा भाग नीट वाच. निळी सर्व्हिसची, म्हणजे पायाच्या ब्रेकची; लाल इमर्जन्सीची, म्हणजे ट्रेलरच्या टाकीत हवा भरणारी. उलट्या जोडल्या तर ट्रेलरच्या टाकीत हवा भरत नाही आणि त्याचे स्प्रिंग ब्रेक सुटत नाहीत, गाडी हलणार नाही, तेव्हा चूक तिथल्या तिथे कळते. खरी भीती जुन्या ट्रेलरची, ज्यांना स्प्रिंग ब्रेकच नाहीत. टाकी रिकामी असेल तर चाकं मोकळी असतात. घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) त्याला घेऊन निघेल, मागे ब्रेक नाही हे पहिल्या वळणापर्यंत कळायचंही नाही. बाकी डबल-ट्रिपल (दोन-तीन ट्रेलर), टँकर वगैरेंचे जादा पेपर आत्ता राहू दे. धोकादायक मालाचं तर परमिटवर मिळतही नाही, ते लायसन झाल्यावर. एअर ब्रेकचा पेपर मात्र सोडू नकोस, नाहीतर हवेच्या ब्रेकची गाडीच चालवता येणार नाही, आणि मोठी गाडी म्हटली की हवाच.

पुढचा क्रम तुला ठाऊक आहेच. परमिट हातात आल्यावर चौदा दिवस थांबल्याशिवाय गाडीची परीक्षा देता येत नाही, आणि 7 फेब्रुवारी 2022 पासून सरकारी यादीतल्या शाळेचं प्रशिक्षण सक्तीचं झालंय. तोवर शेजारी लायसनवाला बसवूनच चालवायचं. शाळा निवडताना एक विचार. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलीस तर लायसनवर तशी अट पडते आणि गेअरची गाडी चालवता येत नाही. सगळे म्हणतात आता सगळ्या गाड्या ऑटोमॅटिकच. असतील. माझं ऐकशील तर गेअरच्या गाडीवर दे. जावईबापूंचं मत वेगळं आहे असं कळलं, त्यांच्याशी मी बोलेन.

तुझा चुलता परवा म्हणाला, एवढ्या परीक्षा कशाला, गाडी येते ना. त्याला सांगितलं, अमेरिकेतही पूर्वी बऱ्याच राज्यांत साध्या कारच्या लायसनवर ट्रेलर ओढता यायचा. 1986 साली कायदा झाला आणि 1 एप्रिल 1992 पासून हे वेगळं लायसन सगळ्यांना लागू झालं. भरलेली गाडी 80,000 पौंडांपर्यंत, म्हणजे 36 टन. मी ज्या दहाचाकीवर उमेदीची वर्षं काढली ती कागदावर 25 टनांची होती. कागदावर म्हणतोय, समजून घे.

एक राहिलं, इंग्रजीचं. तुझं वाचन चांगलं आहे, बोलायला बिचकतेस. ड्रायव्हरला पाट्या वाचता याव्यात, अधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देता यावं, नोंदी लिहिता याव्यात, हा तिथला नियम जुनाच आहे. पण 2025 च्या जून अखेरीपासून ज्याला ते जमत नाही त्याला तिथेच गाडीवरून उतरवतात. तेव्हा जावईबापूंना रोज पंधरा मिनिटं अधिकारी होऊ दे. कुठून आलीस, काय माल आहे, आज किती तास चालवलंस, शेवटचा मुक्काम कुठे? त्यात जास्तीत जास्त अकरा तास ड्रायव्हिंग, कामाला लागल्यापासून चौदा तासांची मर्यादा आणि दहा तासांची सुट्टी याचीही उजळणी होईल.

रविवारी तुझ्या सकाळी फोन लाव, आमची संध्याकाळ असेल. पुस्तक बंद करून बस. मी हवेच्या धड्यापासून सुरुवात करीन, आणि प्रत्येक उत्तराला ‘का?’ विचारीन. आकडा बरोबर आणि कारण चुकलं तर गुण देणार नाही.

आईने लोणच्याची बरणी पार्सलला दिलीय, ती पोचली की कळव. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
आबा
कराड