'कारकुनी' या शब्दाविषयी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील एका लेखात सावकाश, नेटाने आणि ठरल्या चाकोरीत काम करणाऱ्या माणसांना 'कारकुनी वृत्तीचे' असे हेटाळणीने म्हटले आहे. या शब्दाचा मूळ अर्थ पाहता ही हेटाळणी त्याच्या वाट्याला का यावी, असा प्रश्न पडतो.

'कारकून' हा शब्द फारसीतून मराठीत आला. 'कार' म्हणजे काम आणि 'कुन' म्हणजे करणारा. तेव्हा कारकून म्हणजे काम करणारा, इतकाच त्याचा सरळ अर्थ. मराठेशाहीत तर या शब्दाला चांगलाच मान होता, कारण राज्याच्या प्रमुख अधिकाऱ्यांनाही 'सरकारकून' म्हटल्याचे बखरींत आढळते. पुढे इंग्रजी अमदानीत हुद्दा घसरला, आणि शाळा-महाविद्यालयांना 'कारकून तयार करणारे कारखाने' म्हणण्याची प्रथा पडली; या टोमण्यात तोच 'कार' दोनदा आला आहे, हे टोमणा मारणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

'खर्डेघाशी' या शब्दाचीही अशीच गत झाली. खर्डा म्हणजे कच्चा मसुदा. आधी खर्डा करायचा, तो वरिष्ठांच्या नजरेखालून घालून दुरुस्त करायचा, मग शुद्ध प्रत उतरवायची, नक्कल दफ्तरी ठेवायची आणि मूळ नोंदीशी ताडून कागद 'रुजू' करायचा, अशी ही कामाची रीत होती. बोरूने, हात फारसा न उचलता लिहिलेली मोडी लिपी मुळातच वेगाची. म्हणजे लिहिणाऱ्याचा हात चपळ होता, वेळ लागे तो रुजवातीला, म्हणजे कागद ताडून पाहण्याला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधून टिकले आणि इतिहासकार गो. स. सरदेसाई यांना १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करता आले, याचे काही श्रेय तरी या नाव नसलेल्या खर्डेघाशांना द्यावे लागेल.

आता सरकारी मराठीत 'लिपिक' हा शब्द रूढ आहे. तो सुटसुटीत खरा, पण त्यात केवळ लिपी उरली आणि काम गेले, असे माझे मत आहे.

काम मन न लावता, कसेबसे उरकणाऱ्यांसाठी मराठीत 'पाट्या टाकणे' हा वाक्प्रचार आहेच. लेखकमहाशयांना तेच म्हणायचे असेल, तर त्यांनी तो खुशाल वापरावा. मात्र मातीच्या पाट्या वाहणाऱ्या मजुरांवर त्यात अन्याय होतो की नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आपला,
एक वाचक