पीएचडी का करतेय

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

एमएस्सी झाली तरी आणखी पाच वर्षं कशाला, हा आईचा प्रश्न. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

आधी एक, गल्लीत कोणी विचारलं तर सांगा: मी औषधं देणारी डॉक्टर होणार नाही. माणूस लक्षात कसं ठेवतो, बोललेलं त्याला कसं उमगतं, त्या वेळी मेंदूत काय घडतं, हा माझा विषय. लॅबमध्ये माणसाच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी बसवतो, एकेका इलेक्ट्रोडखाली जेल भरतो. (नंतर केस दोनदा धुवावे लागतात.) मग पडद्यावर वाक्यं दाखवायची. 'आईनं तव्यावर छत्री भाजली' अशी पुष्कळ वाक्यं दाखवून सरासरी काढली, की न जुळणाऱ्या शब्दानंतर साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूतल्या विजेची एक लाट ठळक दिसते. कुटास आणि हिलयार्ड या संशोधकांनी ती 1980 साली दाखवली. ती माझ्या पडद्यावर उमटली तेव्हा मी उठून उभीच राहिले.

आई, आजीला भरवणं, ती रात्री दार उघडून निघाली की मागं धावणं, सगळं तूच केलंस. डॉक्टर नुसतं 'वयाचं आहे' म्हणाले. ते मला अजून पटत नाही.

डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण अभ्यासले. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली आढळली, शाळेत न गेलेल्यांतही. हा अभ्यास 2013 चा. पुढं सगळ्यांनाच तसा फरक मिळाला नाही, वाद चालूच आहे. आजीला मराठी आणि कन्नड दोन्ही यायच्या, तरी तिला झालंच. भाषा आजार अडवत नाहीत. मेंदू तो जास्त काळ सोसतो का, एवढाच प्रश्न आहे.

आणि तो विचारायला बेळगाव-खानापूरसारखा दुसरा मुलूख नाही. बाबा, तुम्ही एका गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये 'बर्री, कुंदर्री' (या, बसा) म्हणता आणि त्याच दमात दुसऱ्याला 'काकी, किती बांधू?' विचारता. भाषेवरून इथं इतकी भांडणं झाली, पण दिवसभर अशी ये-जा करणाऱ्या डोक्यांचा अभ्यास मला करायचाय.

पैशाची काळजी नको. जेआरएफचे, म्हणजे संशोधनासाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीचे, महिना 37,000 मिळतील, दोन वर्षांनी 42,000. कर्ज काढायचं नाही, शेत तर विकायचंच नाही. लग्नाचं मी नाही म्हणत नाही, पण स्थळाला आधीच हे सांगून ठेवा.

दिवाळीला चन्नम्मा एक्सप्रेसनं येते. तोवर दोघं बोलून काय ते कळवा.

तुमची,
मंजू