यो ला टेंगोच्या सहा सीडी, दादासाठी

जर्सी सिटी, अमेरिका,
१४ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

खुशाली रविवारी फोनवर झालीच आहे. हे पत्र मुख्यतः दादाचं, तेव्हा त्याचा चहा झाला की त्याच्या हाती द्या. मामींच्या बॅगेत बाबांचा स्वेटर आहे, त्याची घडी मोडताना सांभाळून. आत सहा सीडी आहेत.

दादा,

यो ला टेंगो या इथल्या रॉक बँडचे चांगले अल्बम कुठले, कुठल्या क्रमानं ऐकायचे, हे तू विचारलं होतंस, आणि जमलं तर रेकॉर्डच पाठव म्हणाला होतास. आधी रेकॉर्डचं सांगते. त्या पाठवत नाहीये, आणि इथला रेकॉर्ड प्लेअर तर मुळीच नाही. इथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ मात्र तेवढेच राहतात. जुन्या धाटणीच्या बऱ्याच प्लेअरची मोटर विजेच्या हर्ट्झवरच फिरते. ६० साठी केलेली मोटर ५० वर लावली की तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे घेते. लय पडते आणि सूरही तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरतो. काळी एकमधलं गाणं पेटीवर खालच्या काळी पाचच्याही जरा खाली ऐकू येतं. ॲडॉप्टरवर चालणाऱ्या नव्या प्लेअरला हा त्रास नसतो, ॲडॉप्टरवर '१००-२४०' छापलंय एवढं बघायचं. घ्यायचाच तर तो तिकडेच घे.

शिवाय आपला उन्हाळा. रेकॉर्ड पीव्हीसीची असते, साठ अंशांच्या आसपास ती मऊ पडायला लागते. मे महिन्यात सोलापुरात सावलीतच ४२-४३ असतं, बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत साठ व्हायला वेळ लागत नाही. एकदा तबकडी वाकली की सुई वरखाली होते आणि लांबलेला सूर डुलायला लागतो. या बँडचं निम्मं काम लांबलेल्या सुरांवरच चालतं, म्हणून सीडी बऱ्या. पुसायच्या झाल्या तर मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुस, गोल गोल नाही. गोल ओरखडा गाण्याच्या ओळीवरूनच जातो आणि प्लेअरला मधला सलग तुकडा भरून काढता येत नाही. आडवा ओरखडा तो सहज पार करतो.

आता बँड. जर्सी सिटीला लागूनच हडसन नदीच्या काठी होबोकेन नावाचं छोटं गाव आहे. १९८४ मध्ये हे लोक तिथे सुरू झाले. आयरा कॅप्लन गिटार आणि ऑर्गन वाजवतो, त्याची बायको जॉर्जिया हबली ड्रम्सवर, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बासवर जेम्स मॅकन्यू. तिघंही गातात. नाव स्पॅनिश आहे आणि अर्थ आपल्या पार्क मैदानावरचा: उंच उडालेल्या चेंडूखाली दोघं धावले की एकजण 'माझा, माझा!' ओरडतो ना, तेच. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा किस्सा सांगतात. रिची ॲशबर्न आणि व्हेनेझुएलाचा एलिओ चाकॉन झेलासाठी एकमेकांवर आदळायचे, कारण चाकॉनला इंग्रजी कळत नसे. मग ॲशबर्न 'यो ला टेंगो' म्हणायला शिकला. चाकॉन खरोखरच बाजूला झाला, पण ज्याला स्पॅनिश येत नव्हतं तो तिसराच खेळाडू येऊन ॲशबर्नवर धडकला.

ऐकायला बसण्याआधी दोन-तीन गोष्टी करून घे. फोनच्या स्पीकरवर किंवा चिऊच्या त्या गोल ब्लूटूथ डब्यावर हे ऐकू नकोस. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथवर पोचतच नाही. या बँडची कितीतरी गाणी बासवर उभी आहेत. बास गेला की उरतं ते कुजबुजणं आणि किणकिण, मग माणूस म्हणतो यात काय आहे. डेकचे दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे काढ, त्यांच्यात साधारण दोन मीटर अंतर ठेव, आणि स्वतः तेवढ्याच अंतरावर मध्ये बस. कोपऱ्यात ठेवलेस तर बास घुमतो आणि जॉर्जियाचा आवाज त्यात बुडतो, ती मुळातच हळू गाते. सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेणार असशील तर फ्लॅकमध्ये (आवाजात काही न गाळणारा फाइलचा प्रकार) घे, एका सीडीला साधारण ३०० ते ४५० एमबी लागतील. वाजवताना शफल बंद, गाणी एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड शून्यावर, आणि प्रत्येक गाण्याचा आवाज सारखा करणारी सोयही बंद. ती शेवटची का, ते २००० च्या अल्बमपाशी सांगते.

पहिली सीडी १९९७ ची लाव, 'आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन'. सोळा गाणी, साधारण ६८ मिनिटं, रॉजर मूटनोट निर्माता, ध्वनिमुद्रण नॅशव्हिलचं. सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण या बँडला जे जे येतं ते सगळं या एका अल्बममध्ये आहे आणि तरी तो विस्कटलेला वाटत नाही. पहिला तुकडा दोन मिनिटांचाही नाही, नुसतं वाद्यसंगीत. दुसऱ्या गाण्यात, 'मोबी ऑक्टोपॅड'मध्ये, बासची एक ओळ पकड आणि ती सोडू नकोस, वरचं सगळं तिच्याभोवती हलतं. आठवं 'ऑटम स्वेटर' नीट ऐक. गिटारच्या बँडचं हे बहुधा सगळ्यात लाडकं गाणं, आणि त्यात गिटारच नाही. ऑर्गन, बास, ड्रम्स आणि आयराचा दबका आवाज, बस. दहावं 'ग्रीन ॲरो' रातकिड्यांच्या आवाजावर तरंगतं, अंगणात खाट टाकल्यासारखं. चौदावं 'स्पेक बीबॉप' दहा मिनिटांहून लांब आहे, ऑर्गनचा सततचा घोंगाट. पहिल्या दोन वेळा गाळलंस तरी चालेल. तिसऱ्यांदा गाळू नकोस, त्याच्यानंतरची दोन गाणी त्या घोंगाटातून बाहेर आल्यावरच खरी गोड लागतात.

मग मागे जा, १९९३ च्या 'पेनफुल'कडे. मूटनोटबरोबरचं काम इथून सुरू झालं, आणि मॅटाडोर कंपनीकडूनचा हा त्यांचा पहिला अल्बम. यात एक गाणं दोनदा आहे. 'बिग डे कमिंग' पहिल्या क्रमांकावर संथ येतं, ऑर्गनचा सूर तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला. तेच दहाव्या क्रमांकावर गिटारच्या गदारोळात जोरात येतं. एकच बंदिश विलंबितात आणि मग द्रुतात घ्यावी तसं. अल्बम पूर्ण ऐकून झाला की ही दोन लागोपाठ लाव, शब्दांचा अर्थ लयीनं कसा बदलतो ते कळेल. शेवटचं 'आय हर्ड यू लुकिंग' सात मिनिटांचं, शब्दांवाचून. तीच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि दरवेळी तिच्यावर थर चढतो.

१९९५ चं 'इलेक्ट्र-ओ-प्युरा' तिसरं. इथे एक फसगत होईल म्हणून आधीच सांगते: मागच्या कव्हरवर गाण्यांच्या ज्या वेळा छापल्यात त्या चुकीच्या आहेत, मुद्दाम. उतरवताना वेळा जुळल्या नाहीत म्हणून सीडी खराब समजू नकोस. चौदा गाण्यांतलं शेवटचं 'ब्लू लाइन स्विंगर' नऊ मिनिटांहून थोडं मोठं आहे, आणि चिऊ ड्रम्स शिकतेय तर हे तिच्यासाठीच समज. सुरुवातीला ऑर्गनचा सूर धरलेला असतो आणि ड्रम्सचे नुसते तुकडे पडत राहतात, ठेका असा लागतच नाही. इथे टोल, तिथे टोल, मध्ये मोकळी जागा. मग तुकडे जवळ जवळ येतात. नक्की कुठल्या क्षणी ठेका जुळला ते बोट ठेवून सांगता येत नाही, आणि तो जुळल्यावर गिटार सुटते. गाणं म्हणायला तोंड उघडायची जॉर्जियाला घाई नाही, बराच वेळ गेल्यावर ती येते. चिऊला म्हणावं, डोळे मिटून फक्त ड्रम्स ऐक आणि पाय कधी आपोआप हलला ते घड्याळावर लिहून ठेव. चार-पाच दिवस करून बघू दे. वेळ दर दिवशी अलीकडे सरकेल, कारण कान ठेका आधीच ओळखायला लागतो. सोबत वाजवताना शिकाऊ माणसाची एकच चूक होते: मोकळ्या जागा भरून काढायच्या आणि गाण्याच्या आधीच पुढे पळायचं. त्या जागा भरल्या की सगळी चढणच जाते.

चौथी माझ्या सगळ्यात जवळची, २००० ची 'अँड देन नथिंग टर्न्ड इटसेल्फ इनसाइड-आउट'. कव्हरवर ग्रेगरी क्रूडसनचा फोटो आहे, संध्याकाळची वस्ती आणि वरून पडलेला उजेडाचा झोत. तेरा गाणी, ७७ मिनिटं, आणि जवळजवळ सगळी हळू आवाजातली. लग्न होऊन बरीच वर्षं झालेली दोन माणसं दिवे मालवल्यावर बोलतात त्या आवाजातली. हा अल्बम पंखा-कूलर चालू असताना लावूच नकोस. कूलरची घरघर आणि ड्रम्सवरचा ब्रश यांचा आवाज एकाच जातीचा, घरघर ब्रश गिळून टाकते. आत्ता थंडीत, रात्री अकरानंतर लाव. आवाज इतकाच ठेव की शेजारच्या खोलीत बाबांना जाग येणार नाही. फक्त नवव्या 'चेरी चॅपस्टिक'ला तयार राहा, तेवढं एक गाणं मोठ्यानं अंगावर येतं. आवाज सारखा करणारी सोय बंद ठेव म्हटलं ते याच्यासाठी. ती चालू असली की हळू गाणी वर चढतात, हे एक खाली येतं, आणि तेरा गाण्यांत एकदाच मारलेली ती उसळी सपाट होते. शेवटी 'नाइट फॉल्स ऑन होबोकेन', साडेसतरा मिनिटांहून जास्त. शब्द लवकर संपतात आणि मग नुसती रात्र चालत राहते. अर्ध्यावर उठू नकोस.

पाचवी २००६ ची, तिचं नाव फार लांब आहे, कव्हरवर वाच. यातलं पहिलंच गाणं पावणेअकरा मिनिटांचं आणि बासची एकच ओळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत. ऐकायची रीत तुला सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत मिळेल. यंत्रमागाच्या गाळ्यात शिरल्यावर आधी नुसता खडखडाट असतो. पाच मिनिटं उभं राहिलं की कान एकेक माग सुटा करतो, धोट्याची फेक वेगळी, फणीचा ठोका वेगळा, आणि एखादा माग जरा मागे पडलाय हेही कळतं. या गाण्यात बास आणि ड्रम्स म्हणजे तो माग. त्यांच्यावर आयराची गिटार दर फेरीत निराळं कापड विणते. पहिल्या दोन मिनिटांत गिटारच्या मागे धावलास तर थकशील. बास धर, गिटार आपोआप हाती येईल. बाकीचा अल्बम वेगळ्याच स्वभावाचा, पियानो, पितळी वाद्यं, छोटी हलकी गाणी.

२००९ चा 'पॉप्युलर साँग्स' पाठवला नाही. त्याची शेवटची तीनच गाणी मिळून ३७ मिनिटं होतात, ती ऐकायची सवय आधी या पाचांवर होऊ दे. २०१३ चा 'फेड' चांगला आहे, शिकागोला जॉन मॅकेंटायरबरोबर केलेला, नीटनेटका, ४६ मिनिटांत आटोपणारा. वहिनीला यातलं काही आवडलं तर तिच्यासाठी तो पुढच्या खेपेला पाठवते. १९९० चं 'फेकबुक' बहुतेक दुसऱ्यांच्या गाण्यांचं, साध्या अकूस्टिक वाद्यांवरचं. ते फोनवर ऐकलंस तरी फार बिघडत नाही.

सहावी २०२३ ची 'धिस स्टुपिड वर्ल्ड', नऊच गाणी. बाहेरचा निर्माता न घेता तिघांनी आपली आपणच केली. पहिल्या गाण्याच्या नावातला सिनाट्रा ड्राइव्ह म्हणजे होबोकेनचा नदीकाठचा रस्ता. गायक फ्रँक सिनाट्रा १९१५ मध्ये त्याच गावात जन्मला. तीस-चाळीस वर्षं वाजवलेली माणसं एकमेकांकडे न बघताही कशी एकत्र थांबतात ते या गाण्यात ऐक. आवाज मुद्दाम खडबडीत ठेवलाय. तुझा स्पीकर फाटला नाहीये.

आणखी एक सांगायचं राहिलं. होबोकेनला वॉशिंग्टन स्ट्रीटवर मॅक्सवेल्स म्हणून गाण्याच्या कार्यक्रमांची जागा होती. जवळच्या मॅक्सवेल हाऊस कॉफीच्या कारखान्यावरून तिचं नाव पडलं, आपल्याकडे जुन्या मिलवरून आख्खा भाग ओळखतात तसं. २००१ पासून हनुक्का या ज्यूंच्या आठ रात्रींच्या सणात हे तिघं तिथे बहुतेक वर्षी आठ रात्री वाजवायचे, रोज वेगळी गाणी, रोज वेगळे पाहुणे, आणि मिळकत चांगल्या कामाला. २०१३ मध्ये ती जागा बंद झाली. २०१७ पासून त्या आठ रात्री नदीपलीकडे मॅनहॅटनच्या बॉवरी बॉलरूममध्ये होतात. कारखानाही आता नाही.

मामी सोमवारी सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पोचतील, स्टेशनवर जा, बॅग जड आहे. पहिली सीडी त्याच दिवशी लावू नकोस, घरात माणसं असतील. चौथीला रविवारची रात्र ठेव, आणि नवव्या गाण्याला आवाजाच्या बटणाला हात लावू नकोस.

चिऊला गोड पापा, वहिनीला नमस्कार.

तुझी,
छोटी