अर्धं शटर ओढणाऱ्या मैत्रिणीला

प्रिय मैत्रिणी,

नाव घालू नकोस असं बजावलंयस, म्हणून घालत नाही. ऐरोली आणि स्टेशनरीचं दुकान एवढं म्हटलं की आपल्या डी.एड.च्या बॅचला कळेलच.

२३ नोव्हेंबरला टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दिला. निकाल काय लागायचा तो लागेल, पण आभार मानायला मी तोवर थांबणार नाही. नंतर मानले तर ते मार्कांचे आभार होतील.

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निर्णय आला. ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. आपण शिक्षणसेवक म्हणून तीन हजार मानधनावर लागलो तेव्हा ही परीक्षा नव्हतीच, राज्यात ती आली २०१३ साली. असो, कोर्टाशी भांडायला हे पत्र नाही. पण त्या दिवसांत लोक कसे वागले ते लक्षात राहिलंय. शाळेतले निवृत्तीला टेकलेले गुरुजी डबा खाता खाता म्हणाले, "आम्ही सुटलो बुवा." ज्या क्लासला फी भरली त्यांनी पीडीएफचा ढीग पाठवला आणि फोन उचलणं बंद केलं. वरून साहेबांचा मेसेज : अभ्यासामुळे ऑनलाइन माहिती भरणं थांबता कामा नये.

दिवाळीच्या सुट्टीत आपण सगळे ठाण्याच्या तलावपाळीवर जमलो. किती वर्षांनी! एक केंद्रप्रमुख झालाय, एक जण २०१४ ला ठाणे जिल्हा तुटला तेव्हापासून पालघरचा झालाय, दोघींच्या मुली इंजिनिअरिंगला. सराव पाठाला मी पाठ टाचण घरी विसरले होते आणि तू तुझी वही सरकवून स्वतः तोंडपाठ पाठ घेतलास, त्याचीही आठवण निघाली. मग मी टीईटीचा विषय काढला. "तुला काय गं, झोपेत सोडवशील," म्हणून मंडळी सेल्फीकडे वळली. तू तेवढी विचारलंस, "बालमानसशास्त्र कुठवर आलंय?"

तुला खरं तर काय गरज होती? तुझी ऑर्डर जव्हारची होती. तीन हजारांत खोलीभाडं, एसटीचा खर्च आणि घरी तान्हं पोर. तू नोकरी सोडलीस ती सोडलीसच. आज आम्ही पगाराच्या स्लिपा मोजतो आणि तू वह्यांना कव्हरं घालून देतेस. पण बालभारतीचं नवं पुस्तक दुकानात आलं की विकायच्या आधी वाचून काढतेस, हे मला तेव्हा कळलं.

तर ते शटर. शहापूरची शाळा सुटल्यावर आसनगावहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली. मी पोहोचायचे ती ऐन गिऱ्हाइकाची वेळ. पोरांना उद्याचं प्रोजेक्ट संध्याकाळीच आठवतं ना! पहिल्याच दिवशी मी म्हटलं, तुझा धंदा आटप, मी बसते. तू काही बोलली नाहीस. उठलीस, आकडी घेतलीस आणि अर्धं शटर खाली ओढलंस. मला स्टूल दिलंस, स्वतः वह्यांच्या गठ्ठ्यावर बसलीस. बाहेर कोणीतरी "कार्डशीट आहे का?" विचारत होतं. "अर्ध्या तासाने या," तू आतूनच म्हणालीस. मला एकदम रडू आलं. इतक्या दिवसांत माझ्यासाठी कोणी कोणाला थांबा म्हटलं नव्हतं.

बालमानसशास्त्रातला पियाजे, मुलांची विचारशक्ती कशी वाढते ते सांगणारा, माझ्या डोक्यात शिरत नव्हता. तेवढ्यात शटरखालून वाकून एक चार-पाच वर्षांचं पोर आत आलं, खोडरबर हवं होतं. तू दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी ओतलंस आणि त्याच्यासमोरच एकातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओतलंस. "आता जास्त कशात?" त्याने उंच ग्लासावर बोट ठेवलं. "लिही," मला म्हणालीस, "पूर्वक्रियात्मक अवस्था, दोन ते सात." त्याला खोडरबर फुकट दिलंस. पेपरात तो भाग आला तेव्हा मला ते शेंबडं पोर दिसलं आणि मी गोल काळा केला.

शुभेच्छा द्यायला काय लागतं गं? अंगठा. आमच्या ग्रुपवर परीक्षेच्या सकाळी फुलांचे गुच्छ आणि "ऑल द बेस्ट बाई" यांचा पूर आला होता. वाईट कोणीच नाही, सगळे आपलेच. पण स्वतःच्या धंद्याची वेळ मोडून दुसऱ्याजवळ बसणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती बहुधा ज्यांना परवडत नाही त्यांच्यातच सापडतात, हे काही मला उमगत नाही. त्या बाबतीत आमच्या शिक्षण खात्यापेक्षा रिक्षा स्टँडवर बरी माणसं भेटतात, असं माझं मत झालंय. रागावतील, रागावू देत.

आणि एक. परिसर अभ्यासाची तिसरी ते पाचवीची पुस्तकं परत आणतेय. पेन्सिलीच्या खुणा खोडत बसणार नाही, त्यामुळे ती आता विकली जायची नाहीत. तू "राहू दे गं" म्हणणार, पण छापील किमतीचे पैसे गल्ल्यात टाकूनच मी जाणार आहे. दुकान आहे ते तुझं, धर्मशाळा नव्हे.

तुझी,
बाकावरची शेजारीण