पुरातली गाडी विका, पण सांगून विका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझं कोल्हापूरला उद्यमनगरात गॅरेज हाय. इन्शुरन्सनं टोटल लॉस धरलेल्या गाड्या बोलीत घ्यायच्या, दुरुस्त करून उभ्या करायच्या आणि विकायच्या, हे काम मी २०१९ च्या पुरापासनं करतोय. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३, आणि शाहूपुरी, दुधाळीतल्या गाड्या दारात उभ्या उभ्या बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हंजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी मालकाला पैसे देते आणि गाडी आहे त्या अवस्थेत बोलीला जाते. ह्यात वाईट काय न्हाई, चांगला पत्रा भंगारात घालण्यापेक्षा बरंच.

माझी पहिली गाडी स्विफ्ट डिझेल, ९० हजाराला घेतलेली. डॅशबोर्ड काढला तर एसीच्या डक्टमध्ये गाळ वाळून घट्ट बसलेला, मॅटिंगखालचा फोम पिळला तर दोन महिन्यांनीसुद्धा पाणी निघालं. मालकानं पाणी ओसरल्यावर घाईनं सेल्फ मारला होता, आता सिलिंडरमधलं पाणी काय दाबलं जात न्हाई, मग रॉड वाकणारच. इंजिन खोललं, रॉड पिस्टन बदलले, गिअरबॉक्सचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं ते तीनदा बदललं. पण खरी कटकट वायरिंगची. कनेक्टर वरनं चकाचक दिसतो आणि उघडला की आतलं तांबं हिरवं पडलेलं, अशी गाडी आज चालते आणि सहा महिन्यांनी हायवेवर मधीच बंद पडते. मी सगळं वायरिंग, ईसीयू म्हंजे इंजिनचा कॉम्प्युटर, एअरबॅगचं मॉड्यूल, सीटबेल्ट बदलले, तीन महिने गेले. विकताना पुरातली म्हणून सांगितलं, आधीचे फोटो दिले आणि बाजारापेक्षा ७० हजार कमी घेतले. ती गाडी अजून गारगोटी रोडला रोज पळत्या.

आता दुसरी बाजू. माझ्या मावसभावानं परजिल्ह्यातल्या एका डीलरकडनं गाडी घेतली, नवी सीट कव्हरं, पॉलिश, आत अत्तराचा वास. मला दाखवायला आणली तेव्हा मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर खालच्या गुंडाळीतल्या पट्ट्यावर गाळाची सरळ रेघ. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा थोडे सेकंद लागून विझायला पाहिजे, तो लागलाच न्हाई, मीटर खोलून दिवाच काढून टाकलेला! पोरांना मागं बसवून माझा भाऊ त्या गाडीतनं आंबोलीला जाऊन आला होता साहेब. माझं तर रक्त खवळलं. असल्या लोकांमुळं सांगून विकणाऱ्यालाबी गिऱ्हाईक चोरच समजतं.

अमेरिकेत अशा गाडीच्या कागदावरच सॅल्व्हेज असा शेरा पडतो, दुरुस्त झाल्यावर रिबिल्ट, आणि मालक बदलला तरी तो कागदावर राहतो. आपल्या आरसीवर मालक दिसतो, बँकेचा बोजा दिसतो, पण गाडी टोटल लॉस झाली होती हे कुठंच दिसत न्हाई. १ एप्रिल २०२३ पासनं जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची परवानगी लागते, चांगलंच झालं, पण आरसीवरचा शेरा राहिलाच. क्लेमची नोंद कंपनीकडं असते, गाड्यांच्या नोंदणीचं ‘वाहन’ पोर्टल सरकारचं हाय, क्लेम पास झाला की ती नोंद पोर्टलवर चढवा एवढंच मागणं. शेरा असला तर टोटल लॉस गाडीची कागदं घेऊन तिचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर ठोकणाऱ्यांनाबी चाप बसंल.

शेऱ्यामुळं माझ्या गाडीला दहा वीस हजार कमी आले तर येऊ देत, ते मी सोसतो. तुमच्या पेपरनं हा विषय परिवहन खात्यापर्यंत न्यावा, आणि तोपर्यंत जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांनी सीटबेल्ट तेवढा शेवटपर्यंत ओढून बघा.

आपला,
एक गॅरेजवाला, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर