वाळवलेल्या कोयी फेकून रानआंबा वाचत नाही

माननीय संपादक,
स. न.

आंब्याच्या कोयी धुऊन वाळवा आणि पावसाळी सहलीत घाटात फेका, हे आवाहन सोलापुरात दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरते. हेतू चांगला, पण उपयोग शून्य. कोय ज्वारीच्या बियाण्यासारखी वाळवून टिकत नाही; आतला गर सुकला की अंकुर मरतो. सावलीत ठेवली तरी महिना-सव्वा महिन्यात तिची रुजण्याची ताकद जाते, मग मे महिन्यात गच्चीवर तापलेल्या कोयीचे काय! आणि चुकून रुजलीच तरी जंगलात वाढणार केशर-हापूसचा वंश.

सह्याद्रीतला रानआंबा घटतो तो वेगळ्या कारणांनी. लाकडासाठी जुनी झाडे पडतात. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा आहे, म्हणजे परवानगी लागते, तरीही. उगवलेली रोपे वणव्यात आणि चराईत जातात. कर्नाटकात शरावती, अघनाशिनी या नद्यांच्या काठच्या अप्पेमिडीचे, म्हणजे लोणच्याच्या रानआंब्याचे, दुखणे आणखी निराळे: लोणच्यासाठी कैरी कोय धरण्याआधीच उतरवतात, तीही बऱ्याचदा फांद्या तोडून. भौगोलिक मानांकन मिळाले, पण झाडाखाली बी पडायला हवे ना?

शिवाय परपरागीकरणामुळे (दुसऱ्या झाडाच्या परागाने फळ धरत असल्याने) कोयीचे रोप आईसारखे निघत नाही. विशिष्ट झाडाचा वास, आंबटपणा, टिकाऊपणा राखायचा तर कलमच हवे. वनखात्याच्या परवानगीने त्या झाडाची तीन-चार महिन्यांची, टोकाचा डोळा फुगलेली काडी निवडावी. आठ-दहा दिवस आधी पाने छाटावीत, देठ राहू द्यावेत. काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावी आणि शक्य तितक्या लवकर बांधावी. खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर काडी बांधायची ते, रायवळाचे दोन-तीन आठवड्यांचे, तांबूस पानांचे रोप घ्यावे. पाने हिरवी होऊन खोड कडक झाले की यश घटते. शेंडा छाटून खोडाला मधोमध चार-पाच सेंटिमीटर चीर द्यावी, काडीला तेवढीच पाचर करावी आणि किमान एका बाजूची साल सालीला भिडवून प्लॅस्टिक पट्टीने घट्ट बांधावे.

कोकणातली दमट हवा सोलापुरात नाही, म्हणून इथे काडी फुटण्याआधीच सुकते. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, शेडनेटखाली, काडीवर पेप्सीच्या बर्फाची असते तशी अरुंद पिशवी चढवून कलम करावे. डोळा फुटला की पिशवी काढावी, नाहीतर आत पाणी साचून कोंब कुजतो. सांध्याखालची फूट दर आठवड्याला खुडावी. ती राहिली तर शेवटी खुंटच वाढतो.

अर्थात इथली कलमे ही फक्त राखीव प्रत. मूळ झाड जंगलातच राहिले पाहिजे: खुणा करून नोंद, उन्हाळ्याआधी भोवतालचे वाळके गवत काढणे, काही फळे झाडावरच पिकू देणे.

घरच्या कोयी वाया घालवायच्या नसतील तर खाल्ल्यावर आठवडाभरात, ओल्या असतानाच जवळच्या रोपवाटिकेत द्याव्यात. पाण्यात तरंगणाऱ्या आणि भोक पडलेल्या आधीच बाजूला काढाव्यात. भोक म्हणजे बहुधा कोयीतला भुंगा. उरलेल्यांचे खुंट होतात.

– काही रोपवाटिकाधारक, सोलापूर