फोटोतल्या रेघा वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या माझ्या फोटोवर उमटलेली ती तुटक रेघ पाहून बहुतेकांनी "विमान असेल" म्हणत विषय संपवला. तुम्ही मात्र विचारलंत, "जोडण्याआधीच्या सुट्या फ्रेम आहेत ना? त्या पाठवा." त्यासाठी हे जाहीर आभार.

असा फोटो एकामागून एक टिपलेल्या अनेक फ्रेम एकमेकांवर जोडून बनतो. त्या सुट्या फ्रेम पाहिल्यावर सगळं उलगडत गेलं. विमानाचे दिवे लुकलुकतात, म्हणून त्याचे ठिपके एकाच फ्रेममध्ये पडायला हवेत. इथे प्रत्येक फ्रेममध्ये एकच आखूड, सलग रेघ होती आणि पुढच्या फ्रेममधली रेघ जरा पूर्वेला सरकून सुरू होत होती. मधली फट म्हणजे शटर बंद होतं तेवढा वेळ! मग तुम्ही लांबी मोजायला लावलीत. ६० सेकंदांत साधारण १५ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्ण चंद्राच्या निम्मी रुंदी. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतं आणि ट्रॅकर कॅमेऱ्याला त्याच वेगाने फिरवतो. म्हणजे फिरत होता तो कॅमेरा. ती वस्तू जागची हललीच नव्हती. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवरचा, पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने जमिनीवरून एकाच जागी दिसणारा भूस्थिर उपग्रह! उत्तर गोलार्धातून हे उपग्रह खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेल्या रेषेच्या) किंचित दक्षिणेला दिसतात आणि हा तेजोमेघही त्याच पट्ट्याजवळ आहे, हेही तुम्हीच दाखवलंत.

मे २०१९ मध्ये स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे पहिले ६० उपग्रह एकदम सुटले, तेव्हापासून दिसेल ती रेघ त्यांच्या नावावर टाकली जाते. मला ती घाई वाटते. तुम्हीच सांगितलंत, उल्का एकाच फ्रेममध्ये सापडते आणि दोन्ही टोकांना निमुळती होते. खालच्या कक्षेतला उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की रेघ विझत जाते. वैश्विक किरणांची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांची, खूण तर थेट सेन्सरवर पडते, लेन्समधून येतच नाही. म्हणून तारे धूसर असले तरी ती सुईसारखी रेखीव असते. हे ऐकून मी जुने फोटो पुन्हा उघडून बसलो.

सिग्मा क्लिपिंगने (फ्रेम जोडताना बाकीच्या फ्रेमपेक्षा फार वेगळे पडणारे ठिपके वगळण्याच्या पद्धतीने) रेघा पुसता येतात, हे तुम्ही सांगितलंत, पण अगदी शेवटी, ओळख पटल्यावर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

एका फ्रेममध्ये ठरावीक अंतराने उजळणारी आणि मंदावणारी रेघ सापडली आहे. गिरक्या घेणारा रॉकेटचा टप्पा असावा, असा माझा अंदाज. वेळेच्या नोंदीसह पाठवतोय, सवडीने बघा.

आपला,
एक हौशी आकाशछायाचित्रकार